वाढावा

तूट आली असती तर मी ओरडलो नसतो.
तूट घरातलीच आहे. पगार पंधरा तारखेला तळ दाखवतो,
दूध उतू जातं,
पाच किलो जव पाच लिटर पाणी पिऊन
ढेकरही न देता चोथा होऊन बसतात.
त्या सगळ्यासाठी ॲपमध्ये रकाने आहेत.

पण आला वाढावा.
ॲप म्हणालं, एकोणतीस बाटल्या.
भरल्या पस्तीस.
आणि पन्नासच्या रेघेवर तरंगायचा तो हायड्रोमीटर
चाळिशीपर्यंत बुडाला.
जसिंतानं घोट घेतला, म्हणाली,
'बरी आहे की. बिअर कधी येणार?'

कुठंतरी पाणी मुरतंय म्हणतात लोक.
माझ्याकडं मुरायचं ते पाणी
वर येऊन उभं होतं.

तीन रविवार गेले.
माथारपाखाडीच्या गल्लीत माल्टचा वास.
खालचा टायटस विचारून गेला, कुणी घोडा पाळलाय का.
उकळताना तासाला किती आटतं, ते स्टीलची पट्टी घालून पाहिलं.
ठीक.
नळीत किती राहतं, तोटीखाली किती साचतं.
ठीक.
हायड्रोमीटर साध्या पाण्यात सोडला.
तो निर्दोष, शून्यावर सरळ उभा.

तेव्हा बाबा आठवले. शिवडीच्या टाक्यांवर
अडतीस वर्षं तेल मोजणारे बाबा.
लोखंडी शिडीवरून चढून, टेप सोडून,
ओल्या खुणेवर अंगठा ठेवून म्हणायचे,
गरम तेल खोटं बोलतं.
आधी ताप बघ, मग माप घे.

ताप बघितला.
गरम काढा फुगतो, निवला की शंभरात चार आकसतो.
तोही हिशेब मांडला, तर
वाढावा एका लिटरनं आणखी वाढला.
धन्य ते बाबा.

मग हातातल्या काठीकडं पाहिलं.
शिसवी, टोकाला काळी पडलेली,
नाताळच्या वाइनसाठी आईच्या या पातेल्याला
बाबांनीच चाकूनं खाचा पाडून दिलेली:
एक खाच, एक गॅलन.
सातवी तिरकी आहे. तेव्हा बहुतेक
दारावर कुणीतरी आलं असेल.

पाककृती अमेरिकेची, तिच्यातही गॅलन,
मला केवढा आनंद झाला होता!
सात म्हटलं की सात, काठी बुडवायची,
लिटरच्या भानगडीत पडायचंच नाही.

दुधाचं एक लिटरचं माप घेतलं. रिकाम्या पातेल्यात
ओतत गेलो, मोठ्यानं मोजत.
एक. दोन. तीन. चार.
पहिली खाच अजून कोरडी.
अर्धा आणखी, आणि वर चमचाभर.
तेव्हा कुठं ओली झाली.

ॲपचा गॅलन पावणेचारावरच संपतो.

म्हणजे हा गोऱ्या साहेबाचा गॅलन.
साहेब गेला, रुपयाचे शंभर पैसे झाले,
शेर गेला, तोळा गेला, शिवडीच्या वहीत लिटर आले,
आणि घरी येऊन बाबांनी
आपल्या बायकोच्या पातेल्याला
जुनाच गॅलन दिला. हात सैल सोडून.

सात खाचांत सव्वापाच लिटर जास्त.
ॲपची चूक नाही. काठीचीही नाही.
दोघं एकाच नावानं हाक मारत होते,
आणि मी दोघांनाही ओ देत होतो.

जसिंता म्हणाली, नव्या खाचा पाड.
मी काठी उलटी केली.
कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं, एकेक लिटर ओतत,
रेघा मारल्या. चाकू चालवला नाही.
ॲपमध्ये एकक बदललं. भांड्याचं नाव विचारलं त्यानं,
आईचं लिहिलं.

उरल्या त्या पातळ पस्तीस.
सहा टायटसला, त्याच्या घोड्यासाठी.
बाकीच्या थंड करून आम्हीच पितोय,
एकेक, गच्चीवर, संध्याकाळी.
चढत नाही अजिबात.
जसिंता ग्लास उजेडात धरून म्हणते,
सासऱ्यांनी पाणी घातलं.
मी म्हणतो, घातलं नाही गं,
वाढलं.